लूअरची निवड (पुणे परिसरातील गळमासेमारी)

लूअर म्हणजे माशाच्या भक्ष्यासारखे दिसणारे किंवा हलणारे, गळ जोडलेले कृत्रिम आमिष. लाकूड, कडक प्लॅस्टिक, पत्रा, पिसे, रबर किंवा मऊ प्लॅस्टिक यांपासून ते बनवतात. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेला गळ पाण्यात सोडला की माणूस वाट पाहत बसू शकतो, कारण वास आपले काम करत असतो. लूअर स्वतःहून काहीच करत नाही. तो फेकायचा, गुंडाळायचा, मध्येच थांबवायचा, हलका हिसका द्यायचा, तेव्हा कुठे त्यात जीव येतो. मासा फसतो तो हालचालीला, आकाराला आणि पाण्यातल्या थरथरीला. त्यामुळे कोणत्या पाण्यात कोणता लूअर टाकायचा, या प्रश्नावर या छंदाचे निम्मे यश अवलंबून असते.

या विषयावरचे बहुतेक ज्ञान अमेरिकेतल्या बास माशावर तयार झाले आहे. बास, त्यातही मोठ्या तोंडाचा बास, हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. पुण्याच्या धरणांत तो नाही. कोकणातल्या खाड्यांतल्या जिताड्याला इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात, त्यामुळे नावाचा घोटाळा होतो. पण जिताड्याचे कुळ निराळे. पुण्यात लूअर टाकणाऱ्याचा खरा मासा म्हणजे मरळ. बासचे नियम मरळीला जसेच्या तसे लावले की हात रिकामे राहतात. नियमामागचे कारण समजून घेतले, तर तेच ज्ञान इथे फार उपयोगी पडते.

पूर्वपीठिका. अमेरिकेत ज्युलिओ बुएल यांनी १८५२ मध्ये चमच्यासारख्या पत्र्याच्या आमिषाचे पेटंट घेतले. त्या जातीला आजही स्पूनच म्हणतात. मिशिगन राज्यातले जेम्स हेडन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक कोरत होते. फिनलंडमध्ये १९३६ मध्ये लाउरी रापाला यांनी बुचाचा मासा कोरला, त्याला चांदीसारखा चकचकीत कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. जखमी मासा कळपातून बाजूला पडतो आणि किंचित तिरपा पोहतो, मोठा मासा नेमका त्यालाच उचलतो, हे त्यांनी तळ्यावर पाहिले होते. लूअरच्या इतिहासात याहून मोलाचे निरीक्षण क्वचितच झाले असेल. १९४९ मध्ये ओहायोतल्या निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ आणला. १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बासची स्पर्धा भरवली आणि तिथून पुढे लूअरचा मोठा उद्योग उभा राहिला. बासचा विक्रम मात्र दोघांत वाटलेला आहे. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियात सुमारे १० किलोचा बास लूअरवर धरला. जपानच्या बिवा सरोवरात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी त्याच तोलाचा बास धरला, तो जिवंत माशाच्या आमिषावर.

निवडीचा क्रम. दुकानात शिरल्यावर डोळा आधी रंगावर जातो. प्रस्तुत नोंदकाराच्या मते रंग सर्वांत शेवटी पाहावा. पहिला प्रश्न मासा किती खोलीवर आहे हा; दुसरा, त्याच्या आणि आपल्या मध्ये काय आहे; तिसरा, पाणी किती गढूळ आहे; चौथा, तिथला मासा सध्या काय खातो आहे. एवढ्या चारांची उत्तरे मिळाली की डब्यात दोन-तीनच लूअर उरतात आणि मग रंगाचा विचार करायला हरकत नाही.

खोलीचे गणित साधे आहे. पॉपर (तोंड खोलगट, ओढला की पाणी उडवत ‘पॉप’ आवाज करणारा) आणि फ्रॉग (रबरी बेडूक) पाण्याच्या वर चालतात. लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकच्या माशाला पुढे जी पारदर्शक पट्टी असते, ती आखूड आणि उभी असेल तर लूअर उथळ चालतो. लांब आणि आडवी असेल तर खोल बुडी मारतो. बुडणारे लूअर मोजून टाकतात: पाण्यात पडल्यावर मनात आकडे मोजायचे आणि तळाला टेकल्यावर दोरा सैल पडला की आकडा लक्षात ठेवायचा. तळ बाराला लागला, तर पुढच्या फेकीला दहाला गुंडाळायला सुरुवात करायची. एकाच जागी तीन-चार वेळा असे केले की पाण्याखालची जमीन हाताला कळते. उन्हाळ्यात धरण आटल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनी, जुने बांध, बाभळीचे खुंट आणि ओढ्यांच्या घळी नीट पाहून ठेवल्या, तर पावसाळ्यानंतर त्याच जागा पाण्याखाली कुठे आहेत हे पाठ असते. उजनीत पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते, तेव्हा सगळ्या परिसराचा तळच वाचायला मिळतो.

अडथळ्यांचा प्रश्न पुण्यात फार मोठा आहे. मुळा-मुठा आणि पवनेच्या संथ पट्ट्यांत, पाषाण आणि कात्रजसारख्या तलावांत जलपर्णी माजते. काठाला पाणकणीस आणि लव्हाळा असतो. अशा ठिकाणी तीन टोकांचे उघडे गळ लावलेला लूअर टाकणे म्हणजे तो गमावणे. तिथे गळ लपवलेला लूअर हवा. मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाच्या अंगात गळाचे टोक पुन्हा खोचून ठेवण्याची टेक्सास पद्धत यासाठीच निघाली. पोकळ फ्रॉग हा त्याच विचाराचा दुसरा आविष्कार.

पाण्याच्या रंगानुसार आवाज आणि चमक यांचे प्रमाण बदलते. स्पिनर म्हणजे ओढला की पत्र्याचे पाते गरगर फिरणारा लूअर; त्याचे पाते पानासारखे लांबट असेल तर ते वेगाने फिरते आणि चमकते. गोलसर असेल तर संथ फिरते, पण पाणी जास्त हलवते. माशाच्या दोन्ही अंगांवर पाण्याची हालचाल टिपणारी संवेदनशील रेघ असते, त्यामुळे गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा अंगाने शिकार ओळखतो. सह्याद्रीच्या उतारावरून जुलैत तांबडे पाणी धरणात उतरते तेव्हा गोल पात्याचा स्पिनर किंवा पोटात छर्रे वाजणारा लूअर घ्यावा. दिवाळीनंतर पानशेत-वरसगावचे पाणी निवळते. मग आवाज कमी, आकार लहान आणि दोरा बारीक.

रंगाबद्दल थोडक्यात. पाण्यात खोल जाताना लाल रंग सर्वांत आधी विझतो, म्हणजे दुकानातला लालभडक लूअर चार-पाच मीटरवर काळपट दिसतो. बासच्या डोळ्यात लाल आणि हिरव्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आढळल्या आहेत; गडद निळा आणि काळा यांत त्याचा गोंधळ होतो. गढूळ पाण्यात काळा, हिरवट-पिवळा. निवळ पाण्यात चंदेरी आणि मातकट. पहाटे आणि संध्याकाळी वर चालणाऱ्या लूअरला काळा रंग उत्तम, कारण मासा खालून पाहतो आणि उजळ आभाळावर काळी आकृती ठसठशीत उठते.

मरळ आणि फ्रॉग. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते. त्यामुळे ज्या कोंदट, जलपर्णीने झाकलेल्या डबक्यात दुसरा मासा तग धरत नाही तिथे ती राज्य करते. तिची खूणही तिथेच मिळते: पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत ‘गुळुप’ असा हलका आवाज, मागे एक वर्तुळ आणि एक-दोन बुडबुडे. मरळ हवा घ्यायला वर आली होती. नवखा माणूस फ्रॉग नेमका त्या वर्तुळात आदळतो आणि मरळ खाली जाते. फ्रॉग वर्तुळाच्या पलीकडे दोन-तीन मीटर, शक्यतो पानावरच पडू द्यावा. मग रॉडचे टोक खाली ठेवून त्याला पानावरून पानावर चालवत आणावे. मोकळ्या पाण्याच्या काठाशी आला की थांबवावा. मनात पाच मोजावेत. पायांच्या रबरी झिरमिळ्या तेवढ्या थरथरतात. बहुतेक हल्ला याच थांब्यात होतो.

हल्ला झाल्यावर काय करायचे, यात बास आणि मरळ यांचा फरक दिसतो. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. मरळीला दात आहेत. ती चावते, पकडते, कधी पकड बदलते. पोकळ फ्रॉगचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात आणि जबड्याने अंग दाबले गेले तरच ते उघडे पडतात. पाणी फुटताच हिसका दिला तर फ्रॉग मोकळाच उडून येतो. दोरा जड लागेपर्यंत एक-दोन सेकंद थांबून मग जोरात ओढावे. चावलेला फ्रॉग गळाच्या भोकातून पाणी पितो आणि जड होऊन बुडू लागतो, म्हणून दर काही फेकींनंतर तो बोटांनी दाबून रिकामा करावा. फ्रॉग घेतानाच दुकानात अंगठ्याने दाबून पाहावा: गळ सहज उघडे पडले पाहिजेत आणि सोडल्यावर अंग पुन्हा फुगले पाहिजे. ही एक चाचणी किंमत आणि रंग या दोन्हींपेक्षा महत्त्वाची आहे.

याच दातांमुळे बासचे लाडके मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ मरळीपुढे टिकत नाहीत. एका चाव्यात शेपूट जाते. आणि बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलायची जी पद्धत सगळीकडे दिसते, ती मरळीवर कधीही करू नये. ओठ धरायची पकड आणि लांब नाकाची पक्कड जवळ हवी. जलपर्णीतून मरळ ओढायची तर ४० ते ५० पौंडांचा ताण सोसणारा विणलेला दोरा लागतो. साधा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) ताणला जातो आणि मासा देठांत गुंडाळा घेतो.

मरळीची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. पिल्ले बाहेर पडली की त्यांचा नारिंगी घोळका पाण्याच्या वरच्या थरात शिजत्या भातासारखा खदखदताना दिसतो आणि मोठी मरळ त्याखाली पहारा देत असते. घोळक्यावर लूअर टाकला की ती भुकेने नव्हे, रागाने तुटून पडते. म्हणूनच तो टाकू नये. पालक उचलला की चिलापी आणि इतर मासे सगळी पिल्ले गिळून टाकतात. एका फोटोसाठी डबक्याची पुढची काही वर्षे जातात.

इतर मासे. शिवडा हा मोठ्या तोंडाचा शिकारी आहे. भीमा आणि नीरेच्या खोल डोहांत तळाशी संथ ओढलेल्या मोठ्या मऊ माशाला किंवा खोल बुडणाऱ्या लूअरला तो संध्याकाळनंतर लागतो. शिंगाळाही तळालाच. चिलापी भारतात १९५२ मध्ये बाहेरून आणली गेली आणि उजनीत तिने चांगलाच जम बसवला आहे. भिगवणच्या खाणावळींत तीच मिळते. ती नखाएवढ्या स्पिनरला लागते. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी लूअर नेऊ नये. त्यांना कणीकच बरी.

महसीरबद्दल जरा जास्त सांगायला हवे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन छापले, त्यात ज्याला आज दख्खनी महसीर म्हणतात तो मासा पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला होता. सायक्स यांनी इथल्या लोकांकडून ऐकलेली नावेच शास्त्रीय नावांत घेतली: खुद्री, कोलस, सिंघाला. आज मुळा-मुठेच्या काठावर उभे राहून त्या ओळी आठवल्या की मन खंतावते. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास होते आणि पिल्ले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली जातात. वाहत्या पाण्यात महसीर स्पून आणि स्पिनरवर झेप घेतो, जबडा दाबून लूअरचे गळ चपटे करतो. तो लागलाच तर पाण्यातच सोडवून जाऊ द्यावा. त्यासाठी तिहेरी गळाच्या जागी एकेरी गळ लावावा आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून ठेवावा. दहा सेकंदांचे काम आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना देवाचे मासे मानतात, तिथे गळ काढायचाच नाही.

परवानगी आणि पाणी. बऱ्याच जलाशयांतला मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. काठावर जाळे विणत बसलेल्या भोई दादांना आधी विचारावे. परवानगी तर कळतेच, शिवाय आदल्या आठवड्यात जाळ्यात काय आले हेही ते सांगतात, आणि लूअर निवडायला त्याहून चांगली माहिती कुठेही मिळत नाही. भिंतीजवळ आणि मनाई असलेल्या पट्ट्यात जाऊ नये. खडकवासला साखळीचे पाणी शहर पिते, म्हणून तिथे शिशाची वजने टाळून पितळ, पोलाद किंवा टंगस्टनची वापरावीत. अडकलेला दोरा तोडून सोडण्यापूर्वी काठाकाठाने फिरून वेगवेगळ्या कोनांतून ओढून पाहावा. भिगवणला रोहित पक्षी आणि बगळे ज्या उथळ पाण्यात चालतात, तिथे सोडलेला दोरा त्यांच्या पायांत गुंततो.

जपणूक. मऊ प्लॅस्टिकचे लूअर मूळ पिशवीतच ठेवावेत. कडक प्लॅस्टिकच्या लूअरशेजारी ठेवले तर दोन्ही विरघळून चिकटतात. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत राहिलेले मऊ लूअर वाकतात. वाकलेली शेपूट गरम पाण्यात बुडवून सरळ ताटलीवर थंड केली की बहुधा पूर्ववत होते. पावसाळ्यात डबा ओला बंद केला तर एका रात्रीत गळांवर गंज चढतो, म्हणून घरी आल्याबरोबर तो उघडून पंख्याखाली ठेवावा.