आजीचं मत, नातवाचा फॉर्म

टेक्सासच्या पार दक्षिणेला रिओ ग्रांडे नदीच्या काठावर स्टार नावाची काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आहे. नदी ओलांडली की मेक्सिको. इथले 97 टक्के लोक हिस्पॅनिक (घराण्याची मुळं स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत असलेले), म्हणजे बाकीचे शोधायला लागतील. 2012 ला ओबामांना इथे 86 टक्के मतं पडली, 2016 ला हिलरींना 79, 2020 ला बायडन कसेबसे 52 वर आणि 2024 ला चक्क ट्रम्प जिंकले. अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन माणूस निवडायची या काउंटीची शंभराहून जास्त वर्षांतली पहिलीच वेळ.

यावर टीव्हीवरच्या पंडितांची एक ठरलेली थिअरी असते. आजी-आजोबा इमिग्रंट म्हणून आले, डेमोक्रॅट झाले, मुलं सेटल झाली, नातवंडं पूर्ण अमेरिकन झाली आणि हळूहळू रिपब्लिकनकडे सरकली, आयरिश आणि इटालियन लोकांचं झालं तसंच. ऐकायला एकदम पटतं. पण 12 वर्षांत पिढी बदलते का हो? 2012 ला ज्यांनी मत दिलं त्यातले बरेचसे लोक 2024 ला पण तेच होते. आणि स्टार काउंटीत तर कित्येक घराणी 1848 च्या आधीपासून आहेत, त्या वर्षी मेक्सिको-अमेरिका युद्धानंतर तह झाला आणि हा नदीकाठ पक्का अमेरिकेचा ठरला, माणसं जिथल्या तिथेच, सीमाच त्यांच्या अंगावरून गेली. पिढ्यांनीच पक्ष बदलायचा असता तर हे लोक केव्हाच बदलायला हवे होते.

उलटंही होतं. न्यू जर्सीतल्या पसेइक काउंटीत हिस्पॅनिक लोकवस्ती 40 टक्क्यांच्या वर आहे. 2024 ला तिथे ट्रम्प पुढे होते, 2025 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत तीच काउंटी डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्याकडे परत गेली. एका वर्षात काय नातवंडं होऊन मत द्यायला पण गेली?

म्हणजे पिढीचा काही संबंधच नाही असं नाही, फक्त तो आपण समजतो तसा नाही. मुळात पक्ष घरातून येतो. 1965 ला मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे आईवडील या दोघांनाही वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले, तेव्हा बाकी मतांपेक्षा पक्षाच्या बाबतीत मुलं आईवडिलांशी जास्त जुळली. यात आपल्याला नवल नाही, 'आमचं घर पहिल्यापासून अमक्या पक्षाचं' हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण मेक्सिकोच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या बाईच्या घरात वारसा द्यायला अमेरिकन पक्ष असणार कुठून? म्हणून पहिल्या पिढीत 'कुठलाच नाही' म्हणणारे खूप असतात, आणि कधी कधी उलटी गंगा वाहते, मुलगी शाळेतून, कामावरून पक्ष घरी आणते आणि आई तिच्याकडून शिकते.

मग नव्याने पक्ष धरणारा माणूस कुठला धरतो? राज्यशास्त्राचे अभ्यासक ब्रूस केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मधला कॅलिफोर्नियाचा सर्वे वापरून 1991 ला एक पेपर काढला. लॅटिनो (म्हणजे साधारण हिस्पॅनिकच) लोकांत जितकी जास्त वर्षं अमेरिकेत, तितकी डेमोक्रॅट पक्षाशी नाळ घट्ट, असं त्यांना दिसलं. वरच्या थिअरीच्या बरोब्बर उलट!

त्यात पहिलं मत कुठल्या हवेत पडलं हेही बघायला लागतं. 1986 च्या कायद्याने कागदपत्रं नसलेल्या सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, आणि त्यातले बरेच जण नागरिक होऊन मतदार होईपर्यंत कॅलिफोर्नियात 1994 उजाडलं. तेव्हा रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी प्रपोझिशन 187 (लोकांच्या थेट मतदानाला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव) उचलून धरलं होतं, कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा नाही, तातडीचं सोडून उपचार नाहीत, असं सगळं त्यात होतं. 59 टक्के मतांनी ते पासही झालं, पुढे कोर्टात अडकलं ते वेगळं. त्या रागात जे मतदार झाले ते डेमोक्रॅट झाले (राग किती आणि बाकीची कारणं किती यावर अभ्यासक अजून भांडतात). मायामीच्या क्यूबन लोकांचं उलट, कॅस्ट्रोपासून पळून आलेली पिढी रिपब्लिकन, मुलं थोडी मवाळ, 2012 च्या एक्झिट पोलमध्ये फ्लोरिडाचे क्यूबन जवळपास निम्मे-निम्मे झाले होते. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, पिढी बदलली. मग ट्रम्प आले आणि काटा परत फिरला. असो.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे हिस्पॅनिक कोणाला मत देतात हे मोजायचं तर आधी ते हिस्पॅनिक आहेत हे त्यांनी स्वतः सांगायला हवं ना. एक्झिट पोलवाला काय घराण्याचा दाखला मागत नाही, फॉर्म हातात देतो, तुम्ही टिक करायची. प्यू रिसर्च या सर्वे करणाऱ्या संस्थेने 2017 मध्ये आकडे दिले: ज्यांचे पूर्वज लॅटिन अमेरिका किंवा स्पेनचे, त्यांच्यात स्वतः बाहेरून आलेल्यांपैकी 97 टक्के स्वतःला हिस्पॅनिक म्हणवतात, दुसऱ्या पिढीत 92, तिसऱ्या पिढीत 77, आणि चौथीत किंवा त्याच्या पुढे फक्त 50. म्हणजे बादली गळकी आहे आणि आपण उरलेल्या पाण्यावरून हिशेब करतोय.

आणि गळती सगळीकडून सारखी नाही. अर्थतज्ज्ञ ब्रायन डंकन आणि स्टीफन ट्रेहो यांनी दाखवलं की मेक्सिकन वंशाची जी कुटुंबं ही ओळख सोडून देतात ती सरासरीने जास्त शिकलेली असतात. मोठं कारण लग्न. 2015 मध्ये लग्न केलेल्या, अमेरिकेत जन्मलेल्या हिस्पॅनिक लोकांपैकी 39 टक्क्यांचा जोडीदार दुसऱ्या समाजातला होता.

समजा एक गार्सिया आजी आहे. तिच्या मुलीने मिलर नावाच्या गोऱ्या माणसाशी लग्न केलं. नातू मिलर, स्पॅनिश त्याला 'आबुएला' (आजी) म्हणण्यापुरतं आणि जेवणापुरतं येतं. त्याने 'हिस्पॅनिक' टिक केलं आणि डेमोक्रॅटला मत दिलं तर तो हिस्पॅनिक डेमोक्रॅट. त्याच्या भावाने टिक केलं नाही आणि रिपब्लिकनला मत दिलं तर तो नुसता गोरा रिपब्लिकन. आजी एकच, पण तिसऱ्या पिढीच्या हिस्पॅनिक आकड्यात एकच भाऊ दिसतो, आणि तो बघून आपण म्हणतो की बघा, काही बदललंच नाही.

आता तर फॉर्मच बदलतोय. आत्तापर्यंत जनगणनेत दोन प्रश्न असायचे, आधी हिस्पॅनिक आहात का, मग वंश कोणता. दुसऱ्या प्रश्नाला काय लिहायचं हे लाखो लोकांना कळायचं नाही, मग 'इतर' वर टिक. 2020 ला 'इतर' हा गट गोऱ्यांच्या खालोखाल दुसऱ्या नंबरवर गेला! मार्च 2024 मध्ये सरकारने नियम केला की दोन्ही मिळून एकच प्रश्न, हिस्पॅनिक आणि गोरा वगैरे एकाच यादीत, हव्या तितक्या टिक करा. मिलरचा दुसरा भाऊ त्या यादीसमोर पेन घेऊन बसला की एक टिक करेल का दोन, त्यावर त्याचं मत कुठल्या रकान्यात जाणार ते ठरेल.