कच्चा की भानगडीचा?

एप्रिल १९९५. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, फिलाडेल्फिया ईगल्सचा क्रमांक बारावा होता. त्यांच्या मनात बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला भरला होता आणि बाराव्या क्रमांकापर्यंत तो उरणार नाही ही धास्ती होती. म्हणून त्यांनी टँपा बे बकनिअर्सशी सौदा केला. आपला बारावा क्रमांक दिला, वर दुसऱ्या फेरीतले दोन क्रमांक दिले. बदल्यात टँपाचा सातवा आणि तिसऱ्या फेरीतला एक घेतला. सातव्यावर मामुला ईगल्सकडे आला. बाराव्यावर टँपाने मायामी विद्यापीठाच्या वॉरन सॅपला उचललं. दोघेही बचावाच्या पुढच्या फळीतले. दोघांच्याही नावापुढे प्रश्नचिन्ह होतं, पण ही दोन प्रश्नचिन्हं एकमेकांच्या नात्यातलीसुद्धा नव्हती.

आजही दर एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचे चाहते ‘असा रिस्की लाइनमन घ्यावा का’ यावर हमरीतुमरीवर येतात. त्यातली निम्मी भांडणं एवढ्यासाठीच होतात, की एकाच्या डोळ्यासमोर मामुला असतो आणि दुसऱ्याच्या सॅप.

ज्यांचा या खेळाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. इथे पैशाची बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या. गेल्या हंगामात जो सर्वांत खाली, तो साधारणपणे आधी निवडतो. त्यामुळे क्रमांक हेच चलन, आणि ते बाजारात फिरवताही येतं. डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे चेंडू सुटताक्षणी समोरच्या आडदांड गड्यांना भिडून क्वार्टरबॅकपर्यंत पोचणारा. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला आडवा केला की ‘सॅक’. कडेने धावणारा तो एंड, मधून घुसणारा तो टॅकल. मधून घुसून क्वार्टरबॅकची झोप उडवणारे फार थोडे निघतात, म्हणून तसा एखादा दिसला की भल्याभल्यांचा तोल जातो.

आता धोक्याचे दोन प्रकार. एक खेळाडू कच्चा असतो: अंगात सगळं आहे, पण खेळात अजून उतरलेलं नाही. दुसरा भानगडीचा असतो: खेळ तयार आहे, पण मैदानाबाहेर काहीतरी घडलंय किंवा घडेल अशी भीती आहे. पहिल्याबद्दल प्रश्न ‘याला जमेल का?’ आणि दुसऱ्याबद्दल ‘हा टिकेल का?’

फिल्म लावून बसलं की फरक पाच मिनिटांत कळतो. कच्च्या खेळाडूचं पहिलं पाऊल बघा. चेंडू सुटला, आणि समोरचा गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकची राखण करणारा गडी, अजून सावरतोय तोवर हा त्याच्या अंगावर. वाटतं, गेला आता. पण पुढे काहीच होत नाही. हात गार्डच्या छातीवर पडायचे ते दंडाच्या बाहेर पडतात, पाठ सरळ होते, गार्डचे हात आत शिरतात आणि एवढा मोठा गडी उभ्या उभ्या मागे ढकलला जातो. पहिला डाव फसला तर दुसरा डाव त्याच्या झोळीतच नसतो. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच पाऊल, पुन्हा तीच अडचण. भानगडीच्या खेळाडूच्या फिल्ममध्ये असलं काही सापडत नाही. त्याच्यावर दोन-दोन माणसं घातलेली असतात, तरी तो एकाचा खांदा खाली दाबून दोघांच्या मधून निघतो. त्याच्याबद्दल जे काय जाणून घ्यायचंय ते पडद्यावर नाहीच. ते कॉलेजच्या प्रशिक्षकांकडे, पोलिसांच्या नोंदीत, कधी वजनकाट्यावर.

मामुलाच्या बाबतीत एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण त्याची कथा सांगताना ती बहुतेक जण गाळतात. कॉलेजात त्याने सॅक भरपूर घेतले होते. तो कुणी अनोळखी गडी नव्हता. पण त्याला वर ढकललं ते कंबाइनने, म्हणजे ड्राफ्टच्या आधी धावणं, उड्या, वजन उचलणं यांची जी मोजमापं होतात त्यांनी. तिथे तो असा चमकला की मोजमापांच्या मोहाला त्याचंच नाव जोडलं गेलं. पुढे ईगल्ससाठी त्याने ३१.५ सॅक घेतले. हे काही लाजिरवाणं नाही. सातव्या क्रमांकाच्या आणि वर दिलेल्या दोन क्रमांकांच्या मानाने मात्र तुटपुंजं आहे.

सॅपचं उलट. १९९४ मध्ये तो कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक होता, लोंबार्डी आणि नागुर्स्की हे दोन्ही पुरस्कार त्याच्याकडे होते. ड्राफ्टच्या तोंडावर मादक पदार्थांच्या चाचण्यांबद्दल बातम्या फुटल्या आणि तो घसरत बाराव्यावर आला. टँपाने त्याच पहिल्या फेरीत पुढे २८व्या क्रमांकावर लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) डेरिक ब्रूक्सही घेतला. सॅप १९९९ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, २००० च्या हंगामात त्याने १६.५ सॅक घेतले, जानेवारी २००३ मध्ये टँपाने सुपर बोल जिंकला आणि २०१३ मध्ये सॅप हॉल ऑफ फेममध्ये गेला.

माझ्या मते या दोन धोक्यांमधला खरा फरक भावात आहे. भानगड बाहेर आली की खेळाडू खाली घसरतो, म्हणजे बाजार तुम्हाला धोक्याबद्दल सूट देतो. कच्चा खेळाडू कंबाइननंतर वर चढतो, म्हणजे धोक्याबद्दल तुम्ही उलट जास्त मोजता. एकाच्या बाबतीत धोका भावात आधीच वजा झालेला असतो, दुसऱ्याच्या बाबतीत तो भावावर चढवलेला असतो. आणि तरी टीव्हीवरच्या चर्चेत दोघांना एकच शब्द लावतात.

व्हर्नन गोल्स्टन आठवा. ओहायो स्टेटचा, शरीर असं की शिल्पकाराने घडवावं. २००८ मध्ये न्यू यॉर्क जेट्सनी त्याला सहावा घेतला. तीन हंगामांत त्याचे सॅक किती? शून्य. आता डॅनियल हंटर बघा. एलएसयूमधल्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) शेवटच्या हंगामात त्याचे जेमतेम दीड सॅक होते, शरीर मात्र गोल्स्टनच्याच तोडीचं. मिनेसोटा वायकिंग्जनी २०१५ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत, ८८वा घेतला. २०१८ आणि २०१९ या लागोपाठच्या हंगामांत त्याने प्रत्येकी १४.५ सॅक घेतले. यावरून कुणी म्हणेल, हंटर ओळखता आला आणि गोल्स्टन नाही. मला तसं वाटत नाही. दोघांबद्दल आधी कुणालाच ठाम सांगता आलं नसतं. फरक इतकाच की हंटर फसला असता तर वायकिंग्जचा तिसऱ्या फेरीतला एक क्रमांक गेला असता. तेवढं चालतं.

याला अपवाद आहेत, आणि ते दडपून पुढे जाणं बरं नव्हे. घानात जन्मलेल्या एझेकिएल अनसाने ब्रिगम यंग विद्यापीठात २०१० मध्ये पहिल्यांदा फुटबॉलचं हेल्मेट घातलं. त्याआधी बास्केटबॉल आणि धावण्याच्या शर्यती. २०१३ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी त्याला थेट पाचवा घेतला, आणि २०१५ मध्ये त्याने १४.५ सॅक घेतले. २०२२ मध्ये जॅक्सनव्हिलने तर पहिल्याच क्रमांकावर जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर उचलला: २७२ पौंडांचा माणूस, ४० यार्ड ४.५१ सेकंदांत. मागे राहिला मिशिगनचा एडन हचिन्सन, ज्याने आदल्या हंगामात १४ सॅक घेतले होते. वॉकरचे पहिल्या वर्षी साडेतीन सॅक, पुढच्या दोन वर्षांत १० आणि १०.५. म्हणजे तो फसला नाही. पण लायन्सकडे गेलेल्या हचिन्सनला ९.५ सॅक घ्यायला पहिलंच वर्ष पुरलं. पहिला क्रमांक हातात असताना एक वर्ष थांबायची किंमतही त्याच खात्यात मांडायला हवी.

कच्चा आणि भानगडीचा यांचं बिघडणंही वेगळं दिसतं. भानगडीचा बिघडला की एका दिवसात बिघडतो. रँडी ग्रेगरी नेब्रास्काचा, पहिल्या फेरीचा माल. कंबाइनमधल्या चाचणीत गांजा सापडला आणि २०१५ मध्ये तो ६०व्या क्रमांकावर डॅलस काउबॉइजकडे गेला. पुढे निलंबनावर निलंबन, २०१७ चा अख्खा हंगाम मैदानाबाहेर. संघाला निदान कळतं की या जागेवर दुसरा माणूस हवा. कच्चा खेळाडू मात्र हळूहळू बिघडतो. दर ऑगस्टला प्रशिक्षक सांगतात, यंदा त्याचे हात सुधारलेत. दर डिसेंबरला कळतं की नाही. तीन वर्षं त्या जागेसाठी दुसरं कुणी घेतलं जात नाही, आणि हे नुकसान कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

करारातही हाच फरक उमटतो. २०११ पासून ड्राफ्टमधल्या खेळाडूंचे पगार क्रमांकानुसार बांधलेले आहेत. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता, पाच कोटींच्या हमीसकट. तसलं आता होत नाही; पहिल्या फेरीतल्याला चार वर्षांचा ठरीव करार, पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात. शिवाय लीगने निलंबित केलं तर पगाराची हमी संपते, असं कलम अशा करारांत सर्रास घालतात. थोडक्यात, भानगडीचा थोडाफार बंदोबस्त कागदावर करता येतो. ‘डाव शिकला नाही तर पैसे परत’ असं कलम मात्र कुठेच नसतं.

आता भानगडीच्या बाजूने इतकं बोलल्यावर तिच्या पोटात शिरायला हवं, कारण सगळ्या भानगडी एका मापाच्या नसतात. ग्रेगरीच्या गांजाचंच घ्या. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०२० च्या सामूहिक करारात लीगने गांजाच्या चाचणीत दोषी सापडल्याबद्दलचं निलंबनच काढून टाकलं. म्हणजे २०१५ मध्ये जो धोका म्हणून गणला गेला तो पाच वर्षांत नियमांनी जवळजवळ पुसला. हिंसेचं तसं नाही. जेफ्री सिमन्स २०१६ मध्ये एका बाईला मारताना व्हिडिओत दिसला होता. त्यामुळे २०१९ च्या कंबाइनचं निमंत्रण त्याला मिळालं नाही, वर त्याच फेब्रुवारीत गुडघ्याचा लिगामेंट फाटला. टेनेसी टायटन्सनी त्याला १९वा घेतला आणि खेळाडू म्हणून तो त्यांच्या बचावाचा कणा झाला. हिशेब बरोबर निघाला, मान्य. पण ‘घसरलाय तर स्वस्तात घेऊ’ ही भाषा गांजाला लावताना जितकी सहज येते तितकी इथे येऊ नये, असं मला वाटतं. इथे प्रश्न फक्त संघाच्या क्रमांकाचा राहत नाही.

आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दोन्ही धोके एकाच अंगात. ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठ) रॉबर्ट नकेमदिचे डिसेंबर २०१५ मध्ये अटलांटातल्या हॉटेलच्या खिडकीतून खाली पडला आणि गांजा बाळगल्याच्या आरोपाला सामोरा गेला. सगळी चर्चा त्या खिडकीभोवती फिरली. तीन वर्षांत कॉलेजातही त्याचे सॅक फारसे नव्हते, हे त्या गोंगाटात बुडालं. ॲरिझोना कार्डिनल्सनी २०१६ मध्ये त्याला २९वा घेतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, भानगडीमुळे घसरलेला हिरा मिळाला. तीन हंगामांत त्याने त्यांच्यासाठी ४.५ सॅक घेतले. तो मुळात कच्चा होता, भानगडीच्या लेबलाखाली खपला.

जेलेन कार्टरकडे म्हणूनच मी या चष्म्यातून बघतो. जॉर्जियाचा टॅकल, २०२३ च्या ड्राफ्टमधला कदाचित सर्वांत चांगला खेळाडू. जानेवारीत एका मोटार अपघातात त्याच्या संघातला एक खेळाडू आणि एक कर्मचारी दगावले. त्या रात्री बेदरकार गाडी चालवल्याचे आणि शर्यत लावल्याचे आरोप कार्टरवर आले आणि कंबाइन चालू असतानाच वॉरंट निघालं. त्याने आरोपांना आव्हान दिलं नाही. १२ महिन्यांचं प्रोबेशन, १००० डॉलर दंड, ८० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. मार्चमध्ये कॉलेजच्या चाचणीला तो आला तेव्हा वजन ३१४ चं ३२३ पौंड झालेलं, आणि सराव त्याला पुरा करता आला नाही.

यातली कुठली गोष्ट कुठल्या खात्यात टाकायची? अपघात ‘टिकेल का’च्या. अर्धवट सोडलेला सराव मात्र थोडा ‘जमेल का’कडे झुकतो, कारण दम नसलेला टॅकल चौथ्या क्वार्टरमध्ये कामाचा नाही. पण फिल्म स्वच्छ होती. ईगल्सनी शिकागोला पुढच्या वर्षीचा चौथ्या फेरीतला क्रमांक देऊन दहाव्यावरून नवव्यावर उडी मारली आणि त्याला घेतलं. मामुलासाठी जो संघ बाराव्यावरून सातव्यावर गेला होता, तोच हा संघ. यावेळी किंमत किरकोळ. शिवाय फ्लेचर कॉक्स आणि ब्रँडन ग्रॅहमसारखे जुने खोड त्या फळीत होते, जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन हे जॉर्जियातले त्याचे सोबती आधीच तिथे होते. याच मुलाला एखाद्या विस्कळीत संघाने घेतलं असतं तर मी त्या निवडीच्या विरोधात बोललो असतो.

२०२४ च्या हंगामात कार्टर लीगच्या सर्वोत्तम टॅकलांत गणला गेला आणि त्याच हंगामाअखेर ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवून सुपर बोल जिंकला. सप्टेंबर २०२५ च्या सलामीच्या सामन्यात, बचावाचा पहिला चेंडू पडायच्या आत, तो डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटवर थुंकला आणि मैदानाबाहेर हाकलला गेला. ईगल्सनी उरलेला सामना त्याच्याविना काढला आणि २४-२० ने जिंकला. एवढ्यावरून ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. नवव्या क्रमांकाला असा टॅकल मिळत असेल तर मी आजही घेईन. फक्त त्याच्या मागे दुसरा एक चांगला टॅकल बाकावर बसवून ठेवीन.