दोन घरांत वाढणारी मुले

आईवडील विभक्त झाल्यावर मुलाने कोणाकडे राहावे, या प्रश्नाला स्वीडनमध्ये आता ‘दोघांकडेही’ असे उत्तर सर्रास मिळते. बहुधा एक आठवडा आईकडे आणि पुढचा आठवडा वडिलांकडे, अशी ही पद्धत असते. १९८०च्या दशकाच्या मध्यास विभक्त पालकांच्या मुलांपैकी जेमतेम एक टक्का मुले अशी राहत. २०१०च्या सुमारास हे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांवर पोहोचले. वर्षातून पन्नासेक वेळा कपडे, वह्यापुस्तके आणि चार्जर उचलून घर बदलणाऱ्या मुलांचे मन अस्थिर होत असेल, ही शंका रास्तच होती.

स्वीडिश संशोधक मालिन बर्गस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही शंका तपासली. त्यासाठी २००९च्या देशव्यापी शालेय पाहणीतील सहावी व नववीच्या, म्हणजे साधारण १२ आणि १५ वर्षांच्या, १,४७,८३९ विद्यार्थ्यांची उत्तरे वापरली गेली. झोप न लागणे, डोके किंवा पोट दुखणे, भूक मंदावणे, अभ्यासात लक्ष न लागणे, उदास वाटणे अशा तक्रारी त्यात विचारल्या होत्या. हे नैराश्याचे वैद्यकीय निदान नव्हे. पण कुमारवयात नैराश्य पुष्कळदा याच तक्रारींच्या रूपाने समोर येते.

आईवडील दोघांसोबत एकाच घरात राहणाऱ्या मुलांमध्ये अशा तक्रारी सर्वांत कमी आढळल्या. मात्र दोन घरांत राहणाऱ्या मुलांची स्थिती केवळ किंवा मुख्यतः एकाच पालकाकडे राहणाऱ्यांपेक्षा चांगली होती. पालकांशी असलेल्या नात्याबद्दलचे समाधान आणि आर्थिक परिस्थिती यांतून या फरकाचा काही भाग उलगडतो. मला यातला नात्याचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पंधरवड्यातून एकदा भेटणाऱ्या वडिलांसमोर मुलगी शहाण्यासारखी वागते. रात्रीच्या जेवणाला रोज समोर असणाऱ्या वडिलांवर ती चिडू शकते, ताट अर्धे टाकून उठू शकते, आणि तिचे काहीतरी बिनसले आहे हे त्यांच्या लक्षात येते.

तरीही ही एका वेळची पाहणी आहे, तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मुलांचा ताबा वाटून घेणारे पालक अनेकदा अधिक शिकलेले आणि सुस्थितीतले असतात, त्यांच्यातले वादही तुलनेने कमी असतात आणि मुलाची शाळा व मित्र सुटू नयेत म्हणून ते बहुधा जवळपासच घर घेतात. जिथे एका पालकाकडून मारहाण होते, तिथे या सरासरीचा आधार घेऊन मुलाला त्या घरी पाठवणे घातकच ठरेल.