चुंबक मुळात कशासाठी लावलं होतं? मॉन्टगोमेरी काउंटीतल्या मॅग्नेट-वादाची पार्श्वभूमी

वॉशिंग्टन डीसीला लागून असलेल्या मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत संक्रांतीचं हळदीकुंकू लांबत लांबत फेब्रुवारीत जातं. वाण हातात पडायच्या आत कुणीतरी कुणालातरी विचारतंच, "अगं, तुमचं पत्र आलं का?" कसलं पत्र, हे सांगावं लागत नाही. "ब्लेअरला नंबर लागला" हे तीन शब्द जर्मनटाउन-क्लार्क्सबर्गच्या मराठी घरांत एकेकाळच्या "बोर्डात आला" इतक्याच वजनाने उच्चारले जातात.

मॉन्टगोमेरी ब्लेअर हायस्कूल सिल्व्हर स्प्रिंगमध्ये आहे. तिथल्या गणित, विज्ञान आणि संगणकशास्त्राच्या मॅग्नेटमध्ये, म्हणजे चुंबकासारखी लांबून मुलं ओढून घेणाऱ्या खास कार्यक्रमात, दर वर्षी शंभरेक मुलं घेतात. २०२५ मध्ये काउंटीच्या सरकारी शाळांचे प्रमुख (सुपरिंटेंडंट) थॉमस टेलर यांच्या प्रशासनाने या व्यवस्थेची नव्याने मांडणी करायचा प्रस्ताव पुढे ठेवला. काउंटीतली हायस्कुलं सहा विभागांत वाटायची, प्रत्येक विभागात विज्ञान, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), वैद्यकीय, कला असे कार्यक्रम उभे करायचे आणि मुलांनी आपापल्या विभागातच अर्ज करायचे. सुरुवात २०२७ मध्ये नववीत जाणाऱ्या तुकडीपासून. म्हणजे ब्लेअरचं मॅग्नेट राहणार, पण एका विभागापुरतं.

मग सभा भरल्या, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, माजी विद्यार्थी बोलायला पुढे आले. या गदारोळात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. हे चुंबक मुळात हुशार मुलांसाठी लावलेलंच नव्हतं.

अमेरिकेत सरकारी शाळा पत्त्यावर ठरते. घर ज्या हद्दीत, शाळा त्या हद्दीतली. म्हणून घराची जाहिरात वाचताना आईबाप स्वयंपाकघराआधी शाळेचं नाव पाहतात, आणि चांगल्या मानल्या गेलेल्या शाळेच्या हद्दीतली घरं महाग होत जातात. गोरे आणि काळे वेगवेगळ्या वस्त्यांत राहत असले की शाळाही आपोआप वेगळ्या. १९५४ च्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. कागदावरचा भेद गेला तरी वस्त्या होत्या तिथेच राहिल्या. मग आल्या बसगाड्या. १९७१ मध्ये न्यायालयाने मुलांना दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत बसने पोचवण्याच्या उपायाला मान्यता दिली. १९७४ मध्ये बोस्टनमध्ये असा आदेश निघाला तेव्हा काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. सक्ती केली की गोरी कुटुंबं घर विकून उपनगरात जातात, हा धडा एव्हाना सगळ्यांनीच घेतला होता.

मॅग्नेटची कल्पना यातून आली. ओढून न्यायचं नाही, शाळाच अशी करायची की लोक आपणहून येतील. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात १९६८ मध्ये मॅकार्व्हर प्राथमिक शाळेत हा प्रयोग झाला. देशातली ती पहिली मॅग्नेट शाळा मानली जाते. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या रॉक्सबरी भागात ट्रॉटर शाळा उघडली. १९७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मॅग्नेटसाठी केंद्राचा पैसा द्यायची तरतूद केली आणि मग शहराशहरांत त्यांचं पीक आलं. कॅन्सस सिटीने तर हद्दच केली. न्यायालयाच्या आदेशाखाली तिथे सुमारे २ अब्ज डॉलर ओतले गेले. एका हायस्कुलात ऑलिंपिकच्या मापाचा पोहण्याचा तलाव आणि तलवारबाजीचा प्रशिक्षक. उपनगरातल्या मुलांना आणायला टॅक्सीसुद्धा. तरी गोरी मुलं अपेक्षेइतकी आली नाहीत, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने त्या खर्चाला लगाम घातला.

मॉन्टगोमेरीची गोष्ट इतकी भडक नाही. कदाचित म्हणूनच ती जास्त टिकली.

ब्राउनआधी इथेही काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. रॉकव्हिलमधलं काळ्या मुलांचं कार्व्हर हायस्कूल १९५१ मध्ये सुरू झालं आणि १९६० मध्ये बंद पडलं. त्याच इमारतीत पुढे शिक्षण मंडळाने आपलं मुख्यालय थाटलं आणि कित्येक दशकं काउंटीचा शैक्षणिक कारभार तिथून चालला. विशेष म्हणजे इथे एकत्रीकरणाचा न्यायालयीन आदेश कधी आलाच नाही. जे काही झालं ते मंडळाने आपणहून केलं, आणि आपणहून केलेलं आपणहून मोडताही येतं.

१९७० च्या दशकात काउंटीचा दक्षिण-पूर्व कोपरा, म्हणजे टाकोमा पार्क आणि सिल्व्हर स्प्रिंग, झपाट्याने बदलू लागला. काळी कुटुंबं, लॅटिन अमेरिकेतून आणि आशियातून आलेली कुटुंबं तिथे स्थिरावली आणि गोरी कुटुंबं पश्चिमेला व उत्तरेला सरकली. मंडळाने काही शाळांच्या जोड्या लावल्या, काहींत फ्रेंच माध्यम आणलं, काहींना विज्ञानाचा टिळा लावला. पोटोमॅक किंवा बेथेस्डाच्या पालकाने पोराला रोज पूर्वेकडे पाठवावं एवढं काहीतरी तिथे असलं पाहिजे, हा हिशोब. ब्लेअर हायस्कुलातलं मॅग्नेट १९८५ चं. त्याच वर्षी नदीपलीकडे व्हर्जिनियात थॉमस जेफरसन हायस्कूल सुरू झालं. नावं कायम जोडीने घेतली जातात, पण जेफरसन ही अख्खी शाळाच निवडीची. ब्लेअरचं मॅग्नेट म्हणजे एका साध्या, भल्यामोठ्या, सगळ्यांच्या शाळेच्या पोटातली शाळा.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ब्लेअरची खोच त्यातच आहे. शाळेच्या एकूण आकड्यांत गोरी मुलं वाढली, हेतू कागदावर साध्य झाला. पण आठवीनंतर गाळून आलेली ती शंभर मुलं गणित-विज्ञानाला एकमेकांबरोबरच बसत. जेवणाची सुट्टी, बँड, पीटी एकत्र. बीजगणिताचा वर्ग वेगळा. दारातून सगळे एकत्र आत जायचे आणि घंटा झाली की पुन्हा रंगाप्रमाणे वाटले जायचे, अशी टीका पहिल्यापासून होत आली आणि ती खोटी नाही.

आतलं शिक्षण मात्र खरोखर अस्सल निघालं. अभ्यासक्रम तिथल्या शिक्षकांनी स्वतः रचला. दोन वर्षांचं गणित एका वर्षात, शेवटच्या वर्षांत पुंज-भौतिकीसारखे कॉलेजात शिकवले जाणारे विषय आणि प्रत्येकाला एक खरा संशोधन प्रकल्प. हे इथेच का जमलं? नकाशा पाहावा. बेथेस्डाला राष्ट्रीय आरोग्य संस्था, गेथर्सबर्गला मोजमाप-मानकांची राष्ट्रीय संस्था, शेजारच्या काउंटीत मेरीलँड विद्यापीठ आणि नासाचं गोडार्ड केंद्र. प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आणि वर्गातल्या कित्येक मुलांचे आईबाप तिथेच नोकरीला. राष्ट्रीय विज्ञान स्पर्धांच्या उपांत्य यादीत ब्लेअरचं नाव वर्षानुवर्षं झळकत राहिलं. मिडल स्कूलसाठी (सहावी ते आठवी) टाकोमा पार्क आणि ईस्टर्न या शाळा, हायस्कुलात रिचर्ड मॉन्टगोमेरीचं आयबी, पुढे २००६ मध्ये काउंटीच्या वरच्या भागासाठी पूल्सव्हिल हायस्कूल, अशी साखळी तयार झाली.

आणि मग मूळ हेतूच कायद्याच्या कचाट्यात सापडला.

१९९८ मध्ये एका वडिलांनी पहिलीतल्या मुलासाठी ग्लेन हेवन शाळेतून रोझमेरी हिल्सच्या गणित-विज्ञान मॅग्नेटमध्ये बदली मागितली. मुलगा गोरा, आणि ग्लेन हेवनमध्ये गोरी मुलं आधीच घटत चाललेली, म्हणून मंडळाने नकार दिला. १९९९ मध्ये चौथ्या सर्किटच्या, म्हणजे मेरीलँड ज्यात येतं त्या विभागाच्या, संघराज्य अपील न्यायालयाने हा नकार घटनाबाह्य ठरवला. २००७ मध्ये सिएटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी तीच दिशा पक्की केली: मुलाचा वंश पाहून शाळा ठरवायची नाही. चुंबक ज्यासाठी लावलं होतं ते उघडपणे म्हणायची सोय उरली नाही. चुंबक तसंच राहिलं आणि त्याला दुसरं कारण चिकटलं: गुणवत्ता. माझ्या मते आजच्या भांडणाची मुळं या अदलाबदलीत आहेत. जी गोष्ट एका वस्तीला सावरायला आणली, ती पुढच्या पिढीच्या पालकांना स्पर्धेतलं बक्षीस म्हणूनच माहीत झाली. त्यात त्यांचा काय दोष? त्यांना तसंच तर सांगितलं गेलं.

हे पालक कोण होते? नव्वदच्या दशकाच्या शेवटी संगणकाच्या नोकऱ्यांवर आलेले भारतीय आणि चिनी मोठ्या संख्येने. त्यात आपलेही पुष्कळ. चौथी-सातवीची स्कॉलरशिप परीक्षा देऊन, तालुक्याच्या यादीत नाव शोधून मोठे झालेले लोक. परीक्षा, यादी, नंबर ही भाषा त्यांना शिकवावी लागली नाही.

२०१६ मध्ये मेटिस या बाहेरच्या सल्लागार संस्थेने मंडळाला अहवाल दिला. काळ्या आणि लॅटिनो मुलांचं प्रमाण या कार्यक्रमांत फारच कमी होतं आणि प्रवेशाची पद्धत बदलावी असं त्यात सुचवलं होतं. आधी ज्यांच्या पालकांनी अर्ज केला तीच मुलं परीक्षेला बसायची. आता सरसकट सगळ्यांची चाळणी होऊ लागली, आणि तुमच्या नेहमीच्या शाळेत तुमच्या तोडीची मुलं पुरेशी आहेत का, हेही पाहिलं जाऊ लागलं. तोडीची मुलं जवळ असतील तर मॅग्नेटची तेवढी गरज नाही, हा त्यामागचा तर्क. तर्क चुकीचा नव्हता. पण ज्यांनी चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेण्यासाठी तीस वर्षांचं कर्ज काढलं, त्यांना तेच घर आता मुलाच्या आड येताना दिसलं. मिडल स्कूलच्या मॅग्नेटमध्ये आशियाई मुलांचं प्रमाण घसरलं. २०२० मध्ये पालकांच्या एका संघटनेने खटला भरला आणि संघराज्य न्यायालयाने तो २०२२ मध्ये फेटाळला. व्हर्जिनियातल्या जेफरसनच्या नव्या प्रवेश-पद्धतीविरुद्धचा खटलाही २०२३ मध्ये अपिलात हरला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला.

दरम्यान करोना आला, परीक्षा घेणं अवघड झालं, आणि प्राथमिक व मिडल स्कूलच्या पातळीवर पात्र मुलांची सोडत काढायला सुरुवात झाली. पुण्या-मुंबईत आरटीईची सोडत पाहिलेल्यांना वेगळं काही समजावायला नको. फरक एवढाच की तिथे सोडत गरिबाला दार उघडते म्हणून बघितली जाते आणि इथे ती हुशाराला दार लावते म्हणून. पात्र मुलं भरपूर आणि जागा मूठभर, ही गोष्ट दोन्हीकडे एकच.

म्हणजे २०२५ चा प्रस्ताव आला तेव्हा पालक आधीच्या दहा वर्षांत भाजलेले होते. ताकही फुंकून प्यायची त्यांची तयारी होती, आणि हे तर ताक नव्हतं.

त्यांच्या आक्षेपांतला सगळ्यात ठोस आक्षेप शिक्षकांचा. नववीला चढ्या गतीचं गणित शिकवणारा माणूस मिळेल. पण वरचं भौतिकी, वरचं गणित, संशोधनाची पद्धत हे शिकवू शकणारे आणि हायस्कुलाच्या पगारावर राहणारे शिक्षक सहा ठिकाणी कुठून आणणार? दुसरा, मुलांच्या संख्येचा. शंभर मुलांमधून एखादा दुर्मीळ विषय निवडणारी वीस मुलं निघतात म्हणून तो वर्ग भरतो. तीच मुलं सहा इमारतींत पांगली की प्रत्येक ठिकाणी तिघंचौघं उरतात आणि पाचसहा मुलांचा वर्ग कुठलाच मुख्याध्यापक चालू ठेवत नाही. तिसरा, विभागांच्या असमानतेचा. श्रीमंत पश्चिमेचा विभाग आपलं बस्तान बसवेल, पूर्वेच्या विभागाला पाटी मिळेल. शिवाय पूर्वेकडची जुनी 'कन्सॉर्टियम' व्यवस्था, म्हणजे ब्लेअर, आइन्स्टाइन, केनेडी, नॉर्थवुड आणि व्हीटन यांत, तसंच ब्लेक, पेंट ब्रांच आणि स्प्रिंगब्रुक यांत पसंतीने शाळा निवडायची सोय, तीही या मांडणीत मोडीत निघते. आणि हे सगळं नव्या हायस्कुलांसाठी हद्दी बदलण्याच्या कामाबरोबर, एकाच वेळी. कोणता बदल कशामुळे झाला हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही.

प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. १ लाख ६० हजारांच्या आसपास मुलं, दोनशेहून जास्त शाळा, आणि सगळ्यात नावाजलेल्या कार्यक्रमात जागा शंभर. काउंटीच्या उत्तर टोकाच्या डमॅस्कस गावातल्या मुलीला ब्लेअर हवं असेल तर शाळा पावणेआठला भरते, म्हणजे हिवाळ्यात तिने अंधारात, कुडकुडत मॅग्नेटच्या बसथांब्यावर उभं राहायचं. तिच्या आईला थांब्यापर्यंत सोडायला गाडी आणि सवड नसेल तर अर्जच होत नाही. पत्र ज्यांना येतं त्यांचंच बोलणं आपल्याला ऐकू येतं. ज्यांनी अर्जच केला नाही त्या घरांत हळदीकुंकवाला हा विषय निघत नाही.

आणि ब्लेअरच्या आसपासच्या वस्तीचं काय? ज्यांच्यासाठी १९८५ चा सगळा खटाटोप केला, असं निदान म्हटलं तरी गेलं होतं? शाळा १९९८ मध्ये जुनी इमारत सोडून युनिव्हर्सिटी बुलेव्हार्डवर आली. आजूबाजूच्या अपार्टमेंटमधली मुलं चालत तिथे येतात. बहुतेकांचं घरचं बोलणं स्पॅनिश किंवा इथिओपियाची अम्हारिक. त्यांच्या आईबापांपैकी फार थोडे सुनावणीला माइकसमोर उभे राहिले. मॅग्नेट सहा झाली किंवा एकच राहिलं, तरी ती मुलं ब्लेअरलाच जाणार आहेत, पत्त्यानेच.