जुन्या एडिशनची जादुई तलवार नव्या टेबलवर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. बेळगावच्या टिळकवाडीत आमच्याकडे टेबल बुक करणाऱ्यांत दोन तऱ्हा आहेत, एक कॉलेजची पोरं ज्यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ थेट फिफ्थ एडिशनपासून (नियमांची पाचवी आवृत्ती) धरला, आणि दुसरे थोरले दादा लोक जे ३.५ ह्या जुन्या एडिशनवर वाढले आणि ज्यांच्या फायलीत जुनं कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहिलेला कागद) अजून जपून ठेवलेलं आहे. हल्ली हे दोघंही एकाच टेबलवर बसालेत, खानापूर-निपाणीहूनसुद्धा येतात, आम्हाला ह्याचा लई आनंद आहे. पण पहिल्याच फायटीला गाडी अडते ती शस्त्रावर. "माझी प्लस फाइव्ह तलवार आहे, तशीच घेऊ की ओ?" तशीच नको, आणि का नको ते सांगायला हे पत्रक काढलंय.

आधी प्लसचं बघू, म्हणजे जादूचं शस्त्र हल्ल्याच्या फाशात आणि डॅमेजमध्ये जी भर घालतं ती. ३.५ चे रूल्स २००३ चे, त्यात लेव्हल वाढली की हल्ल्याचा आकडा धडाधड वाढतो, विसाव्या लेव्हलच्या फायटरला नुसता बेस अटॅक बोनसच (हल्ल्याच्या फाशात मिळवायचा मूळ आकडा) +२०, आणि मॉन्स्टरचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) पण त्याच चालीने वर जातो. २०१४ च्या फिफ्थमध्ये प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार मिळणारा बोनस) पहिल्या लेव्हलला +२ आणि विसाव्याला +६, बस, संपलं. टॅरास्कसारखं दांडगं जनावर घ्या, ३.५ मध्ये त्याचा एसी ३५ आणि फिफ्थमध्ये २५. म्हणजे तिकडे +५ ही गरज होती, इकडे तोच +५ आणला तर जवळजवळ प्रत्येक वार लागतो आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) कितीही मेहनत करून एन्काउंटर (लढाई) बांधला तरी तो पाण्यात जातो. फिफ्थच्या पुस्तकात शस्त्राला +३ ही वरची हद्द आहे. आम्ही असं धरतो की +१ आणि +२ चा +१ करायचा, +३ आणि +४ चा +२, आणि +५ चा +३. हा आमच्या टेबलचा नियम आहे, तुमच्या डीएमला वेगळं वाटलं तर त्यांचं चालेल.

पण शीटवर "प्लस फोर" लिहिलंय म्हणून लगेच +२ करून मोकळं होऊ नका. ३.५ मध्ये इफेक्टची किंमतही प्लसमध्येच मोजतात, फ्लेमिंगचा (आग) एक, होलीचे (दुष्टांवर जादा मार) दोन, स्पीडचे (जादा वार) तीन, वोर्पलचे (मुंडकं उडवणारं) पाच, आणि सगळी बेरीज १० पर्यंत जाऊ शकते. बेरजेचा वर्ग करून गुणिले २,००० सोन्याची नाणी, ही जादूची किंमत. म्हणून शीट हातात घेतलं की खरा प्लस किती आणि इफेक्टचा किती हे आधी वेगळं करा.

आमच्याकडे नेहमी येणारं एक शस्त्र पूर्ण सोडवून दाखवतो. +२ फ्लेमिंग कीन लाँगस्वॉर्ड. कीनचाही एक धरून बेरीज चार, जादूची किंमत ३२,००० नाणी. ताकदीचा बोनस सोडला तर एका वाराला १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक २ अधिक आगीचा १डी६, सरासरी १०. फिफ्थमध्ये खरा प्लस २ होता त्याचा १ झाला, आग १डी६ तशीच ठेवली, सरासरी ९. जवळपास तेच, आणि तलवार हातात तीच वाटते. नाहीतर पुस्तकातली तयार फ्लेम टंग घ्या, तिला प्लस अजिबात नाही पण पेटली की २डी६ आग, सरासरी ११.५, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतली एक जादा कृती) कमांड वर्ड उच्चारून पेटवावी लागते. एका दादांनी कमांड वर्ड "बेंकी" (कन्नडमध्ये आग) ठेवलाय आणि त्यांची पाळी आली की अख्खं टेबल त्यांच्याबरोबर ओरडतं, मराठी असो की कन्नड, त्यामुळे आमचा कल फ्लेम टंगकडेच आहे.

आता कीन, सगळी गडबड इथेच होते. ३.५ ची लाँगस्वॉर्ड वीस बाजूंच्या फाशावर १९-२० पडला की क्रिटची (डॅमेज वाढवणाऱ्या जबर वाराची) संधी देते, कीन केली की १७-२०. ऐकायला भरपूर वाटतं, पण तिथे क्रिट परत रोल करून कन्फर्म करावा लागतो आणि आगीचा डी६ दुप्पट होत नाही. फिफ्थमध्ये कन्फर्म करणं नाही आणि क्रिटला सगळे डाइस दुप्पट, आगीचे धरून. म्हणजे १७-२० तसंच आणलं तर पाचातला एक आकडा क्रिट, आणि प्रत्येक क्रिटला २डी८ अधिक २डी६, बाकीचे प्लेअर नुसते बघत बसतील. म्हणून कीनला १९-२० द्या, त्यापुढे नाही. चँपियन ह्या प्रकारचा फायटर असेल तर त्याला तिसऱ्या लेव्हलपासून १९-२० मिळालेलंच असतं, तिथे रेंज अजून वाढवू नका, क्रिट पडला की एक जादा डी८ द्या.

होलीचं वेगळं. ३.५ मध्ये समोरचा दुष्ट अलाइनमेंटचा असला की २डी६ जादा. फिफ्थमध्ये अलाइनमेंटवर असं काही फारसं चालत नाही, म्हणून ते डाइस फीन्ड (सैतानी जीव) आणि अनडेडवर (भुतंप्रेतं) लावा, रेडिअंट (दैवी तेजाचं) डॅमेज म्हणून. बेनला (ठरावीक शत्रूवर जादा मारणारं शस्त्र) फार विचार नको, ड्रॅगन बेन असेल तर ड्रॅगन स्लेयर तयार आहे, +१ आणि ड्रॅगनवर ३डी६. स्पीडचा जादा वार बोनस ॲक्शनमध्ये घ्या, सिमिटर ऑफ स्पीड तसंच चालतं. वोर्पल मात्र फिफ्थच्या पुस्तकातलीच उचला, कारण तिथे कन्फर्म नसलं तरी लेजंडरी ॲक्शनवाल्या (दुसऱ्यांच्या पाळीनंतरही कृती करणाऱ्या) जनावरांचं मुंडकं उडत नाही, त्यांना ६डी८ जादा लागतात, आणि शेवटचा बॉस फाशावर पहिल्यांदा २० पडल्याबरोबर मेला असं होत नाही.

२००८ ची फोर्थ एडिशन खेळलेले कमी येतात पण येतात. त्यात फ्लेमिंगची खरी मजा डेली पॉवरमध्ये (दिवसातून एकदा वापरायची ताकद), वार लागल्यावर १डी६ आग आणि समोरच्याचा सेव्हचा (सुटकेचा) फासा यशस्वी होईपर्यंत दर पाळीला ५. ती फिफ्थमध्ये लाँग रेस्टला (मोठ्या विश्रांतीला) एकदा अशी ठेवा. फोर्थची वोर्पल मुंडकं उडवतच नाही, डॅमेज डाइसवर वरचा आकडा पडला की तो परत टाकून मिळवायचा, तेव्हा तुमची वोर्पल नेमकी कुठल्या एडिशनची ते डीएमला आधी सांगा.

अट्यूनमेंट, म्हणजे जादूच्या वस्तूशी कॅरेक्टरने स्वतःला जोडून घेणं, विसरू नका. फिफ्थमध्ये एका कॅरेक्टरला तीनच वस्तू अट्यून करता येतात, ३.५ मध्ये असलं बंधन नव्हतं. नुसत्या प्लसच्या शस्त्राला अट्यूनमेंट लावू नका, पण डाइस वाढवणाऱ्या किंवा जादा वार देणाऱ्याला लावाच, त्याने जुन्या कॅरेक्टरची पोतंभर जादू आपोआप आवरती होते.

शीट आमच्याकडे आणलंत तर आम्ही बसून बदलून देतो, टेबल बुक केलेल्यांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. मूळ शीट आणि शस्त्र कुठल्या पुस्तकातलं ते आठवत असेल तर तेवढं सांगा, आणि जमलं तर डीएमला बरोबर घेऊन या. नवीन आकडे आम्ही पेन्सिलने लिहितो, दोन सेशन खेळून बघा, जड किंवा हलकं वाटलं तर परत आणा. शनिवार-रविवार टेबलं भरलेली असतात, ह्या कामासाठी मधल्या वारी संध्याकाळी या.