कुराणाचा अर्थ एकच? नाही ओ

विजापूर वेशीत चहा पिताना परत तेच ऐकलं, कुराणाचा अर्थ एकच असतो, त्यावर मतभेद चालतच नाहीत म्हणे. चुकीचं आहे राव. तफसीर म्हणजे अर्थ उलगडायचं अख्खं शास्त्रच आहे, तबरी हा जुना भाष्यकार (मृत्यू इ.स. 923) तर एकेका आयतीवर, म्हणजे कुराणातल्या वचनावर, आधीच्यांची वेगवेगळी मतं मांडतो आणि मग आपलं सांगतो. 2:228 (दुसरा अध्याय, 228वी आयत) मधला 'कुरू' शब्दच घ्या, तलाकनंतर बाईनं तीन कुरू थांबायचं, आता इस्लामी कायद्याच्या दोन परंपरा बघा, हनफी म्हणतात कुरू म्हणजे पाळी, शाफई म्हणतात दोन पाळ्यांमधले पाकीचे दिवस, म्हणजे इद्दत (हा थांबायचा काळ) संपायचा दिवसच बदलतो की! हां, कुणीही उठून काहीही अर्थ लावायचा असं मात्र नाही, अरबी व्याकरण, हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी), आयत कुठल्या प्रसंगात उतरली, सगळं बघावं लागतं.