महापालिका वेगळी, स्मार्ट सिटी कंपनी वेगळी

गावठाणातला रस्ता महिनोन् महिने खोदून पडला की लोक विभागीय कार्यालयात जातात. तिथे ऐकायला मिळतं, "हे काम आमचं नाही, स्मार्ट सिटीचं आहे." मग नगरसेवकाला फोन, नगरसेवकाचं आयुक्तांना पत्र, वर्तमानपत्रात 'महापालिकेचा भोंगळ कारभार' असा मथळा. आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "सगळं एकच आहे हो. आयुक्त तेच, पैसा तोच." सगळं एकच नाही. या एका गैरसमजामुळे चुकीच्या दारावर धडका मारण्यात माणसांची वर्षं गेली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

महापालिका तुम्हाला ठाऊक आहे. निवडून आलेले नगरसेवक, १६ जणांची स्थायी समिती, दरवर्षीचं अंदाजपत्रक आणि सगळ्या नगरसेवकांची सभा. तिला नाशकात महासभा म्हणतात, पुण्यात मुख्य सभा. इथे फार थांबत नाही.

स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झालं. देशातल्या १०० शहरांसाठी केंद्राने ४८,००० कोटी रुपये ठेवले, सरासरीने एका शहराला वर्षाला सुमारे १०० कोटी, पाच वर्षं. तेवढाच वाटा राज्य आणि महापालिकेने मिळून घालायचा. महाराष्ट्रात तो दोघांनी निम्मा निम्मा उचलला, म्हणजे हजार कोटींत केंद्राचे ५००, राज्याचे २५० आणि महापालिकेचे २५०. पुणे आणि सोलापूर पहिल्या २० शहरांत आले. नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि तेव्हाचं औरंगाबाद सप्टेंबर २०१६ च्या यादीत. अट एक होती. हा पैसा महापालिकेने थेट खर्च करायचा नाही, कंपनी कायदा २०१३ खाली स्वतंत्र कंपनी काढायची, तिचे निम्मे समभाग राज्याचे आणि निम्मे महापालिकेचे. नाशिकचं जुनं गावठाण किंवा त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड या अशा कंपनीच्या हातच्या गोष्टी.

नाव, बोधचिन्ह, कार्यालयाचा पत्ता, निविदांचं संकेतस्थळ वेगळं, हे फरक किरकोळ आहेत. ते सोडून द्या.

लोक अडखळतात ते इथे: "महापौर कंपनीच्या संचालक मंडळावर आहेत, स्थायीचे सभापती आहेत, मग लोकप्रतिनिधींची देखरेख झालीच की." नाही झाली. महापौर सभागृहात बसतात तेव्हा समोर सगळे नगरसेवक असतात. विषयपत्रिका आधी निघते, विरोधक लक्षवेधी मांडतात, विषय तहकूब करायला लावतात, गॅलरीत पत्रकार आणि नागरिक बसलेले असतात. तेच महापौर संचालक म्हणून बसले की दार बंद होतं. कायद्याने त्यांची बांधिलकी कंपनीशी जडते, आणि टेबलाभोवती राज्याचे, केंद्राचे प्रतिनिधी आणि स्वतंत्र संचालकही असतात. एक नगरसेवक आत बसला म्हणजे सभागृह आत बसलं असं होत नाही. संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त पाहण्याचा हक्क तर कंपनी कायदा भागधारकालाही देत नाही. आपण नागरिक भागधारकसुद्धा नाही, भागधारक महापालिका आहे.

हे अपघाताने घडलेलं नाही. या प्रकल्पांपुरते महापालिकेचे अधिकार कंपनीकडे सोपवा, असं अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं होतं. आयुक्तांवर ५/८ सदस्यांच्या मतांनी अविश्वास ठराव मंजूर करता येतो. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला मुदतीआधी हटवायचं तर केंद्रीय मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागायची. नवी मुंबईच्या नगरसेवकांनी २०१५ मध्ये याच कारणावरून कंपनीचा प्रस्ताव फेटाळला. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं. मला त्यांची शंका पूर्णपणे रास्त वाटते.

सभागृहाला हा पैसा एकदाच दिसतो, अंदाजपत्रकात 'स्मार्ट सिटी हिस्सा' म्हणून एका ओळीत. ती ओळ मंजूर झाली की पुढचा ठेका, वाढीव खर्च, मुदतवाढ, कशालाच स्थायी समितीची मंजुरी लागत नाही. म्हणून नगरसेवकाला धरायचं ते त्या ओळीवर, मंजुरीच्या आधी.

लेखापरीक्षण दोन्हींचं होतं, पण "ऑडिट झालंय" हे उत्तर मला अजिबात चालत नाही. ऑडिट खर्च झाल्यावर येतं. रस्ता पुन्हा करायचा की नाही, हा प्रश्न खर्चाआधीचा आहे. जिल्हाधिकारी, खासदार, आमदार, महापौर आणि नागरिकांचे प्रतिनिधी असलेल्या सल्लागार मंचालाही देखरेख समिती म्हणू नका. त्याच्या नावातच सल्ला आहे.

माहिती अधिकारात मात्र कंपनीला पळवाट नाही. सरकारच्या मालकीची आणि सरकारी पैशावर चालणारी संस्था कलम २(ज) मध्ये येते. अर्ज थेट कंपनीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा आणि संचालक मंडळाची इतिवृत्तं तिथेच मागा. चुकून महापालिकेत दिलात तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत पुढे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. 'आमच्याशी संबंधित नाही' असं लिहून परत केलेला अर्ज निमूटपणे घरी आणू नका.

आणखी एक रस्ता आहे, तो फारच थोडे लोक वापरतात. निम्मी मालक या नात्याने महापालिकेला कंपनीचे ताळेबंद मिळतात आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत मत देता येतं. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिथे महापालिकेच्या वतीने कोण हजर होतं, काय विचारलं, कशाला मत दिलं, हे नगरसेवकाने महासभेत विचारायला हवं. ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल होतात आणि शुल्क भरून कुणालाही पाहता येतात.

पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक राहिला. नाशकातही तेच. त्या काळात महासभा, स्थायी समिती आणि कंपनीतले महापालिकेचे लोक, सगळं प्रशासनच होतं. म्हणूनही अनेकांना या दोन संस्थांत फरक दिसेनासा झाला. अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपलं. कंपनी मात्र अभियान संपलं म्हणून आपोआप विसर्जित होत नाही. तिचे कॅमेरे, नियंत्रण कक्ष, देखभालीचे करार आता कुणाच्या खात्यावर आहेत, हे येत्या अंदाजपत्रकाआधी आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा.